गाडी शिकवणाऱ्या बाई बाहेर जेवायला गेल्या

कुणी रिव्हर्स घेताना गाडी भिंतीला टेकवली, की गल्लीतले लोक विचारायचे, "बाईंकडे शिकला नव्हतास वाटतं?" नवरा गेल्यावर मोटार विकायची नाही म्हणून बाईंनी शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि दारावर पाटी लावली. डॉक्टर, भाजीवाल्या, एक न्यायाधीश, रिटायर झालेले मास्तर, सगळ्यांना त्यांनी एकाच आवाजात शिकवलं. "घाई कुणाला आहे? मला तर नाही." समोरून ट्रक येत असला तरी हाच आवाज. शिकणाऱ्याला घाम फुटलेला आणि बाईंचा चेहरा असा, जणू बागेत बसल्यात.

मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. आजार गेला, पण जाताना उजव्या हातात कंप ठेवून गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नजर छान, पाय छान. स्वतः गाडी चालवू नका. शेजारी बसून शिकवायचं की नाही, ते घरी ठरवा."

घरी म्हणजे लेकीशी. तिथेच गाडी अडली.

"आई, तुझा चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो. उद्या कुणी चाक भलतीकडे फिरवलं तर तू ते धरणार?"

"इतक्या वर्षांत चाक धरायची वेळ आलीच किती वेळा?"

"आली तेव्हा हात हलत नव्हता."

लहानपणी आई कामावरून परतेपर्यंत ही लेक खिडकीचे गज धरून उभी राहायची. आता तिला स्वतःचं मूल झालं, तरी गज काही सुटले नव्हते. आणि तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आजारापासून बाई चारचौघांत जेवल्या नव्हत्या. कुठलंही बोलावणं आलं की पोट बरं नसायचं.

"लोकांसमोर घास घ्यायला घाबरतेस, आणि लोकांच्या रस्त्यावर गाडी शिकवणार?"

शब्द झोंबले. "शनिवारी बाहेर जेवू," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. मी नीट जेवले तर मी शिकवायला जाणार. नाही जमलं तर गाडी विकून टाक."

हॉटेल बाईंनीच निवडलं. बाजाराच्या रस्त्यावर नवं मोरोक्कन हॉटेल उघडलं होतं. एका विद्यार्थिनीनं सांगितलं होतं, की तिकडे मधोमध एकच मोठं भांडं ठेवतात आणि सगळे त्यातून पावानं, हातानं खातात. चमचा नाही म्हणजे कंपाची चहाडीही नाही. आठवडाभर बाईंनी पाव मोडून घास धरायचा सराव केला.

पण हॉटेल निघालं मॉडर्न. निळ्या फरशा, पितळी दिवे, बुटकी टेबलं आणि प्रत्येकापुढे वेगळी बशी, त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा पदार्थ. कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले कण, उंच पेल्यात. खायला लांब दांड्याचा, नखाएवढा चमचा.

"हे जेवण आहे की जेवणाचा फोटो?" जावई म्हणाला.

बाईंनी चमचा उचलला आणि कण टेबलभर झाले. शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या. लेकीनं घाईघाईनं रुमाल पुढे केला, आणि सांडण्यापेक्षा बाईंना त्या रुमालाचंच जास्त लागलं. पोट बरं नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले.

ते गिळून त्यांनी वेटरला बोलावलं. वेटर पोक्त, पांढऱ्या मिशीचा.

"दादा, माझा हात हलतो. हा चमचा माझ्या कामाचा नाही. तुम्ही लोक आत कशात जेवता?"

"आम्ही? मातीच्या मोठ्या भांड्यात, सगळे मिळून. हे नखरे गिऱ्हाइकांसाठी."

"मग आम्हालाही तेच आणा."

निमुळत्या झाकणाचं भांडं आलं. झाकण उचललं तशी वाफ उठली. आत मटण, आलुबुखार, बदाम, आणि बाजूला जाडजूड गोल पाव. वेटरनं रीत सांगितली. "ज्यानं त्यानं आपल्या समोरचंच खायचं. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही."

"म्हणजे लेन सोडायची नाही. जावईबापू, ऐकलंत ना? तुम्ही मघापासून माझ्या लेनमध्ये आहात."

"आई, मी इंडिकेटर दिला होता!"

बाई जेवल्या. रस मनगटावर ओघळला, एक आलुबुखार मांडीवर पडलं, ते त्यांनी उचलून खाल्लं. लपवायचं काही उरलं नाही, तशी त्यांना सपाटून भूक लागली. लेक मात्र बघत होती. याला नीट जेवणं म्हणायचं का?

मग चहा आला, पुदिन्याचा. वेटरनं किटली खांद्याच्या वर नेली आणि उंचावरून धार लेकीच्या पेल्यात सोडली. बाईंना एवढंच दिसलं, की काहीतरी वेगानं लेकीकडे येतंय. त्यांचा पाय दाणकन खाली बसला. खाली ब्रेक नव्हता, टेबलाचा पाय होता. टेबल हादरलं, पेले आडवे झाले, चहा जावयाच्या बाहीवर.

"अगं बाई! भाजलं का हो?"

"नाही. पण गाडी थांबली," जावई बाही झटकत म्हणाला.

लेक हसत सुटली. हसता हसता एकदम थांबली. "आई, मी अजून दचकलेसुद्धा नव्हते, तेवढ्यात तुझा पाय पडला."

"पाय आधीच पडतो. म्हणून तर आवाज शांत ठेवता येतो."

"आणि हात?"

बाईंनी हात टेबलावर ठेवला, हलत होता तसाच. "हाताची खात्री देत नाही मी. म्हणून मोठा रस्ता बंद. मोकळ्या मैदानात पहिले धडे तेवढे देईन. पुढचं दुसऱ्या कुणी शिकवावं."

आई हट्ट करेल म्हणून लेकीनं घरून उत्तरं तयार करून आणली होती. आईनं आपणहून रेघ आखली, आणि ती सगळी बाद झाली. तिनं हातातला रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

"मैदानात पहिली मी," ती म्हणाली. "महिनाभर मला शिकव. मी तुझा हात बघते. मग लाव पुन्हा पाटी."

"तू? तुला सायकलवरून उतरवायला माणूस लागायचा!"

"म्हणूनच. मी शिकले तर कुणीही शिकेल."

"बाळाजवळ मी थांबतो," जावई घाईनं म्हणाला. "एकानं तरी धड राहायला हवं."

वेटर पुन्हा चहा घेऊन आला, या खेपेला किटली बरीच खाली धरून. बाईंनी पेला पुढे सरकवला.

"अर्धाच भरा, दादा."

दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो संपवला, आणि आणखी अर्धा मागितला.