रिकाम्या डब्यातली साखर

आधीच माफी मागतो. इथे मोठमोठी माणसं लिहितात, मला तेवढं जमत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे का, तेही सांगता येत नाही.

शिकायला मी गावाहून कळव्याला मामाकडे आलो. मामा तुरुंगात शिपाई. कुठल्या, ते लिहीत नाही. त्याचा डबा मामी भरायची, पण सगळ्यात खालचा कप्पा मामा स्वतः भरायचा. तंबाखू, सिमकार्ड, आणि कल्याणच्या एका तरुण कैद्यासाठी कसल्याशा गोळ्या. गेटवर स्टाफचा डबा उघडलाच तर वरचा कप्पा बघत. घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मामाची नोकरी गेली तर माझं कॉलेजही गेलं... म्हणून मामी नुसती टोमणे मारायची.

एके दिवशी तो कैदी बराकीत बेशुद्ध सापडला. हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, पोटात नक्की काय गेलंय. सांगू शकणारा एकटा मामा, आणि तो गप्प. खालचा कप्पा मात्र तेव्हापासून रिकामा जायला लागला.

डबा घासायचं काम माझं. तो रिकामा गेला त्या पहिल्याच संध्याकाळी खालच्या कप्प्यात चिमूटभर साखर दिसली. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, काही नसलं तर साखर घालतो ना — तशी.

"एवढं कोणाचं भलं केलंत?" मामीने विचारलं.

मामा हसला नाही. म्हणाला, निघताना मीच नळावर डबा धुतलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर. मला वाटलं, ड्युटीवरचं कोणी मस्करी करतंय.

तिसऱ्या दिवशी मामाला सुट्टी होती. डबा घराबाहेर गेलाच नाही, मीच पुसून फळीवर ठेवलेला. दुपारची जेवणं झाल्यावर मामी म्हणाली, बघ रे जरा. उघडला तर... साखर. घरात आम्ही तिघंच, फळीसमोरच जेवायला बसलेलो.

मामा भिंतीला टेकून खाली बसला.

"त्या पोराने आईला सांगितलेलं, एक साहेब मला रोज त्यांच्या डब्यातलं घरचं जेवण देतात. तिला बरं वाटावं म्हणून. मुलाखतीला आली की ती मला लांबूनच हात जोडायची."

मामी एवढंच म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. जाऊन सांगा."

तो तसाच उठून गेला.

ती साखर कुठून आली, मला आजही कळलेलं नाही. मामीच्या साखरेच्या डब्यातली म्हणावी, तर ती जाडी असते, ही बारीक होती. खूप विचार केला... त्यानंतर मात्र कधी आली नाही.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलातून मामाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"गोळ्यांचं नाव सांगितलं रे. डॉक्टर म्हणाले, काल सांगायला हवं होतं. गेला तो... त्याच्या आईला अजून कोणी सांगितलं नाहीये. ती बाहेर बाकावर बसलीय, मलाही शेजारी बसवून घेतलेलं. विचारत होती, साहेब, तुम्ही जेवलात का?"