आधी जेवून घे

सासूबाई गेल्या आणि घराण्याच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे थोरल्या सुनेकडं आले. थोरली सून अपेक्षा नेमकी जर्मनीत. मग काय, कपडे वाळत घालायच्या स्टँडांना साड्या नेसवून तिनं स्टुटगार्टच्या फ्लॅटमध्ये लक्ष्म्या उभ्या केल्या. सोळा भाज्या काही जुळेनात, तेव्हा ब्रोकोलीही देवींनी गोड मानून घेतली.

पुरण शिजलं की माहेरी उस्मानपुऱ्यात आईला, द्वारकाबाईंना, फोन लावायचा हा तिचा दरवर्षीचा नेम. यंदा फोन धाकट्या भावानं, सुदर्शननं उचलला.

"आई झोपलीय, ताई. नैवेद्य झाला का?"

"ह्या वेळेला? ती कधी दिवसा झोपत नाय."

"जरा कणकण व्हती. तू आधी जेवून घे."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा लावला. मागं बायकांचा गलका होता, तो एकदम थांबला. "जेवली का, ताई?" सुदर्शननं पुन्हा तेच विचारलं. इकडं तिचा नवरा शिवराज पानं वाढत होता. लग्न झाल्यापासून या गृहस्थानं कधी पान वाढलं नव्हतं, आणि आत्ता तो तिच्याकडं बघतही नव्हता.

अपेक्षानं फोन ठेवला. हे असं "जेवून घे" तिनं लहानपणी ऐकलं होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्याच दिवशी चितेगावहून निरोप आला होता, आईचे वडील गेल्याचा. पण बातमी कानावर पडली की सुतक लागतं, आणि मग लक्ष्म्या उपाशी राहतात. म्हणून सगळ्या घरानं तोंडाला कुलूप घातलं, आईला आग्रह करकरून जेवू घातलं आणि तिनं हात धुतल्यावर सांगितलं. त्यानंतर द्वारकाबाईंनी पुरणपोळी आयुष्यभर लाटली, खाल्ली मात्र कधी नाही.

आपण जेवलोच नाही, तर कुणी काही सांगणार नाही. कुणी सांगत नाही तोवर आई आहे. अपेक्षानं ताट बाजूला सरकवलं. पोळीवरचं तूप थिजलं.

मग तिला तिकडच्या उन्हाची आठवण झाली. तिकडं दिवस कलला असेल. अंधाराच्या आत उचलतात. हट्ट धरून बसलं तर शेवटचं तोंडही दिसायचं नाही. कसली ही रीत, माणसाला धड रडूही देत नाही! तिनं व्हिडिओ कॉल लावला.

"सुदर्शन, फोन तिच्याजवळ ने."

"ताई, जेव ना गं." त्याचा आवाज फुटला. "काका ऐकंनात. म्हणत्यात, आधी तिचं जेवण होऊ द्या, मग दाखवा."

"थांबा म्हणावं त्यांना. अन् तू बघ इकडं."

तिनं फोन तांब्याला टेकवून उभा केला. देवींना नैवेद्य दाखवला, हात जोडले. पोळी मोडून घास तोंडात कोंबला. गिळवेना. पाण्याबरोबर ढकलला. दुसरा घास, तिसरा. डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं, तीच आमटी ती भुरकत होती. शिवराज भिंतीकडं तोंड करून उभा होता. तिकडं सुदर्शन तोंडावर रुमाल दाबून रडत होता.

तिनं रिकामं ताट उचलून कॅमेऱ्यापुढं धरलं.

"जेवले रे. आता दाखव मला माझी आई."