मॅडमचा अर्धा तास

मॅडमनी आयुष्यात एकही लेख पूर्ण केला नाही. शिरूरच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो, तिथे इंटरनेट एकाच मशीनवर होतं. सकाळची बॅच सुटल्यावर लोडशेडिंग सुरू होईपर्यंत अर्धा तास मिळायचा. तेवढ्यात मॅडम ब्लॉग लिहायच्या. लाईट जाऊन यूपीएस ओरडायला लागला की वाक्य असेल तिथे सोडायच्या आणि लेख तसाच ब्लॉगवर टाकून मोकळ्या व्हायच्या. “राहिलेलं उद्या,” म्हणत डबा उघडायच्या. उद्या मात्र भलतंच काहीतरी लिहायला घ्यायच्या.

मला हे पाप वाटायचं. मी दौंडचा, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठा झालेला. माझे वडील, आप्पा, कामगारांची पत्रकं लिहायचे. विषय काय, दोषी कोण, मागणी काय, खाली नाव. माझा ब्लॉगही त्याच वळणाचा. कारेगावच्या कंत्राटी कामगारांच्या कोंदट खोल्या, शिक्रापूरच्या चौकात ट्रकखाली सापडणारी माणसं, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी ठळक अक्षरांत मागण्या. त्याखाली प्रतिक्रिया दोन. त्यातली एक माझीच.

आणि मॅडम काय लिहायच्या? त्यांच्या वरवंडच्या मामींनी मोबाईल घेतला. रेंज फक्त मेंढरांच्या वाड्याजवळच्या एका दगडावर यायची. मामी दगडावर चढल्या त्या उतरेचनात, खाली सरपंच स्वतःचा फोन हातात धरून ताटकळलेले, आणि तेवढ्यात यूपीएस ओरडला. दुसऱ्या दिवशी दुबईपासून नाशिकपर्यंतची माणसं विचारत होती, पुढं काय झालं? इथे कामगार मरताहेत आणि लोकांना मामींची पडली आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लोकांची आवड किती घसरली आहे हे दाखवायला मी त्या लेखाची प्रिंट रविवारी घरी नेली. आप्पांनी चष्मा लावला, वाचलं आणि ठसका लागेपर्यंत हसले. माझे लेख वाचून ते “मुद्दा बरोबर हाय” एवढंच म्हणत. पुढच्या रविवारी मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, “त्या बाईंचं आणलं का?” मग दर रविवारी दुसऱ्याचं कौतुक मांडीवर घेऊन मी एसटीने दौंडला जाऊ लागलो.

त्याच दिवसांत माझं लिहिणं बंद पडलं. सगळ्या मागण्या करून झाल्या होत्या, एकही मान्य झाली नव्हती. एक ओळ लिहायचो, मनात यायचं, ह्यावर आप्पा हसतील का? मग अशा विषयावर हसायचं कशाला म्हणून स्वतःवरच भडकायचो आणि ओळ खोडायचो.

मॅडम मागून डोकवायच्या. “सर, लिहिताय का निवडणुकीला उभं राहताय?”

“मॅडम, लेखाला शेवट लागतो. भूमिका लागते.”

“शेवट तुमच्याकडं आधीच तयार असतो. मग लिहायला उरतं काय?” शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवत त्या म्हणायच्या, “खावा आधी. उपाशीपोटी लई भूमिका सुचत्यात.”

पुढे त्यांचं लग्न ठरलं. क्लासमधल्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला मशीनसमोर बसवलं. “आज माझा अर्धा तास तुम्हाला. मागणी सोडून काय पण लिहा.” रागाच्या भरात डोक्यात होतं तेच मी लिहिलं. बाप मुलाला चपला काढू देत नाही आणि परक्या बाईचं लिखाण मागतो. त्याचा तो ठसका, मुलाचं मुकाट बसणं, एसटीतली ती प्रिंट. बोटं थांबेनात. लाईट गेली. मी सवयीने ‘मागण्या’ टाईप करायला लागलो तशा मॅडम दारातून ओरडल्या, “टाका सर, टाका!” मी टाकलं.

रविवारी माझ्या त्या लेखाची प्रिंट आप्पांपुढे ठेवली. त्यांनी सावकाश वाचलं. पान उलटून मागची कोरी बाजू बघितली.

“मग? पुढं काय?”

ह्याच प्रश्नासाठी मी इतकी वर्षं लिहीत होतो. छाती फुगतच होती, तेवढ्यात ते म्हणाले, “त्या बाईंना दाखवलंस का? त्यांचं मत घे.”

धुसफुसतच मी स्टँडवरून मॅडमना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. पलीकडे लग्नघराचा गलका होता. त्या मनापासून हसल्या.

“आप्पा माझं वाचतात? अगं बाई! पण सर, हे माझ्यापेक्षा चांगलं झालंय. आता थांबू नका.”

त्यानंतर मॅडमनी ब्लॉगला हात लावला नाही. मी थांबलो नाही. त्या दिवशी स्टँडवर मी त्यांच्या आवाजात कान देऊन हेवा शोधला. कणभरही नव्हता. त्यांच्या कुठल्याच लेखाचा वाटला नसेल इतका हेवा मला त्यांच्या त्या निर्मळपणाचा वाटला.