साहेबांनी वाचावं म्हणून

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण किस्से काही सुटत नाहीत. चारजण गप्पांना बसलो की एक आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. बायको म्हणते, "पुरे आता, तेच तेच!" पण सांगितल्याशिवाय माझं भागत नाही.

एकोणीसशे तीसच्या आधीची ती वर्षं. मी सोलापुरात रिपोर्टर होतो. वर्तमानपत्राचा नव्हे, पोलीस खात्याचा! जाहीर सभा असली की व्यासपीठासमोर खाली माझं टेबल. कोण काय बोललं ते शब्दशः लिहायचं आणि सकाळी साहेबांपुढे ठेवायचं. साहेब म्हणजे एक बडा अंमलदार. त्यांचं नाव घ्यायची हिंमत मला अजूनही होत नाही.

लोकांना बोलायची मुभा होती हो! फक्त माझ्या कागदावरून माणूस आत जायचा. हे मला तेव्हाही टोचायचं, पण पोटासाठी ड्यूटी करत होतो.

* * *

नवी पेठेतल्या सभेत एका वकिलांनी साहेबांची अर्धा तास स्तुती केली. "असा अंमलदार पुन्हा होणे नाही! पटकीच्या साथीत स्वतः घरोघर पाहणी केली, तीही घोड्यावरून खाली न उतरता!" लोक हसून हसून लोळत होते. मी सगळं उतरवलं.

सकाळी आमच्या फौजदारांनी ते तीनदा वाचलं.

"यात नुसतं कौतुक आहे. मग लोक हसले कशाला?"

"ते मी कसं सांगू, फौजदारसाहेब?"

फौजदारांनी सुस्कारा सोडला. "हसण्याला कलम नाही, हीच तर पंचाईत आहे!"

* * *

कुंभारीच्या सभेला निघालो तर वाटेत टांग्याचं चाक निखळलं. पोचायला तासभर उशीर. वाटलं, सभा आटोपली असणार. बघतो तर सगळं गाव पारापाशी गप्प बसलेलं!

"अजून सुरू नाही केली?"

अध्यक्ष म्हणाले, "तुमीच न्हाय, तर आमी बोलायचं कुनाला?"

एक म्हातारी उठली आणि तिनं रस्त्याच्या प्रश्नावरून साहेबांचा चांगला उद्धार केला. मग माझ्या टेबलाशी येऊन कागदावर बोट ठेवलं. "माजं नाव लिवलं का?"

"मावशी, नाव लिहिलं तर पोलीस घरी येतील."

"येऊ द्यात की! पर येतील कशावरनं? रस्ता कुटं हाय?"

* * *

रामय्या हातमागावर लुगडी विणायचा. विणकरांच्या वस्तीत नळ कोरडे पडले होते आणि साहेबांच्या बागेत मात्र रोज पाणी खेळत होतं. त्यावर तो एका सभेत दहा मिनिटं तावातावानं बोलला, तेही तेलुगूत! मला तेलुगूचं अक्षर कळत नाही. शेजारी अब्बासभाई टांगेवाला होता, त्याला हळूच विचारलं, "क्या बोला?"

"पानी नइं आता, बोला."

"दस मिनट?"

"हौ, दस मिनट येईच बोला!"

मी तेवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात रामय्यानं मला गाठलं. वाटलं, आता भांडणार. तर त्यानं हात जोडले. "तुमाला तेलुगू येत न्हाय व्हय? पुढल्या टायमाला मराठीत बोलतो की."

"अरे बाबा, मला कळलं नाही ते तुझ्या पथ्यावरच पडलं!"

"तसं न्हाय. तीन अर्ज दिले, तिन्ही कचेरीत पडून हायती. तुमी लिवलेलं सायब सकाळी वाचतो. मग आमी कुटं बोलायचं?"



* * *

आणि तो खरंच मराठीत बोलला. "सायबाच्या गुलाबाला दोनदा पाणी, आमच्या बायका दिवसभर नळावर!" इथवर ठीक होतं. शेवटी त्यानं हात वर केला. "ज्याला आमची तहान दिसत न्हाय, त्यो सायब आमाला नको!"

माझी पेन्सिल थांबली. समोरच त्याची बायको बसली होती, मांडीवर लेकरू. हे वाक्य लिहिलं तर सहा महिने नक्की. नाही लिहिलं तर ताकीद देऊन सोडतील. मी नाही लिहिलं.

तरी रामय्यावर खटला झालाच. कोर्टात मी माझा कागद वाचून दाखवला. रामय्याला त्याच्या वकिलांनी आधीच बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, "हे असंच बोललास?"

"बोललो. पर हे पुरं न्हाय. शेवटचं सोडलंय." आणि त्यानं ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं!

वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेट माझ्याकडे वळले. "हे म्हणाला होता?"

मी शपथेवर उभा. नाही म्हटलं तर रामय्याही वाचतो आणि माझी नोकरीही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सांगा की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. त्याला वाचवायला गेलो आणि त्याचा चौथा अर्ज मीच दाबून ठेवला होता!

"होय, साहेब. म्हणाला होता."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"स्वच्छ."

"मग लिहिलं का नाही?"

 फौजदार माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

"साहेब," मी म्हणालो, "त्या आठवड्यात आमच्या घरीही नळाला पाणी नव्हतं. ते वाक्य त्याचं की माझं, हेच मला कळेना."