धरून, सोडून
कुमुदिनीताईंच्या दिल्लीतल्या घरात चूक कुणाचीही असो, त्या आधी पुरावा मागत. दूध उतू गेलं तर गॅस किती वेळ आणि केवढ्या आचेवर होता, याची चौकशी व्हायची. नवरा पद्माकर पाहुण्यांना सांगायचा, "द्वारकेत फ्लॅट घेतला, पण राहतो आम्ही लॅबमध्येच."

बाई पुण्याच्या, शिकून इंजिनिअर झालेल्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या आणि गेली एकवीस वर्षं जवळच्या मानेसरमधल्या एका कंपनीत इनहेलरचे आराखडे करत होत्या. दम्याच्या औषधाची पूड घशात न अडकता थेट फुप्फुसात पोचली पाहिजे, एवढंच काम. ऐकायला सोपं. पण कण जाड झाला की घशालाच चिकटतो, आणि फार बारीक झाला तर गेला तसा परत बाहेर येतो. त्यांच्या लॅबमध्ये धातूचा एक घसा होता. त्याच्या तोंडाशी इनहेलर लावायचा, मागून पंप हवा ओढायचा, आणि कुठल्या चाळणीवर किती पूड बसली ते बाई तोलून बघायच्या. तोलण्यात त्यांचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही पुरेपूर ठाऊक होतं.

अशा बाईंना दोन वर्षं एका तक्रारीनं छळलं होतं. त्यांनी स्वतः घडवलेल्या इनहेलरमध्ये कॅप्सूल ठेवायची, बटण दाबून तिला भोक पाडायचं आणि ओढायचं. कॅप्सूल आत भोवऱ्यासारखी घर्र फिरते आणि पूड श्वासाबरोबर आत जाते. लॅबमध्ये एकदाही न चुकलेला हा इनहेलर महाराष्ट्रातून मात्र परत यायचा. पूड ओली, गोळा झालेली, आणि सोबत एकच वाक्य: गुण येत नाही. पंजाबातून तक्रार नाही, राजस्थानातून नाही. बाईंनी निदान केलं, कोकणातली दमट हवा. त्यांनी झाकण बदललं, प्लॅस्टिक बदललं, डबीत ओल शोषणारी पुडी घातली. तक्रारी येतच राहिल्या. काही तर दुष्काळी तालुक्यांतून आल्या, तेव्हा बाईंनी गोदामांवर खापर फोडलं.

यंदा चौदा जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस नेहमीप्रमाणे तिथल्या मराठ्यांच्या स्मारकाला, काला अंबला निघाली. धुकं असं दाट की पुढचा ट्रक दिसत नव्हता, आणि हवेला जळक्या रबराचा वास. कुमुदिनीताईंच्या शेजारी छावणीतल्या हवालदार पृथ्वीराजची आई बसली होती, हौसाबाई. साताऱ्याकडच्या. वय सत्तरीला टेकलेलं, आयुष्य चुलीपुढे गेलेलं, आणि छातीचा भाता सारखा वाजत होता. मांडीवर एक पुरचुंडी, तिच्यात गावची माती.

"आमच्या घरातलं लोक हितं पडलं म्हंत्यात," त्या म्हणाल्या. "त्या दगडापाशी ही वाईच ठिवायची. मग सुकानं गावाला जाईन."

मागच्या सीटवरून पृथ्वीराज म्हणाला, "आई, तू गाडीतच बसायचंस. दहा पावलं चालवत नाही तुला. माती मी ठेवतो." मग कुमुदिनीताईंना म्हणाला, "औषध आहे, पण ती नीट घेतच नाही. सांगून सांगून थकलो. उद्या परत गावी सोडतोय."

पानिपतला बस उभी राहिली, लोक उतरू लागले, तशी हौसाबाईंनी पिशवीतून इनहेलर काढला. कुमुदिनीताईंनी तो लांबूनच ओळखला. आपलं लेकरू परक्याच्या कडेवर दिसावं तशा त्या बघत राहिल्या. हौसाबाईंनी कॅप्सूल घातली, बटण दाबलं, इनहेलर ओठांत घट्ट धरला आणि चुलीत फुंकणी घालावी तशी सगळ्या जिवानिशी फुंक मारली. पांढरी पूड समोरच्या सीटवर उडाली.

"अहो मावशी! फुंकताय काय!"

"लिवलंय तसंच करतीया," हौसाबाई घाबरून म्हणाल्या. "इचारा पिरथीला. त्यानंच वाचून दावलं."

पृथ्वीराजनं खोक्यातला घडीचा कागद काढून पुढे केला. त्यावर मराठीत छापलं होतं: 'यंत्र ओठांत घट्ट धरून, श्वास पूर्ण सोडून, जोराने आत घ्यावा.'

वाक्य कुमुदिनीताईंचं होतं. मराठी येणारं कंपनीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनीच एका दुपारी खरडून दिलेलं. आधी धरून, मग सोडून. वाचणाऱ्यानं अगदी त्याच क्रमानं केलं होतं. यंत्रातच श्वास सोडला की पूड उडणार, उरलेली वाफेनं ओली होणार. लॅबमधल्या पंपाला फक्त ओढता येत होतं, त्याला कधी कुणी कागद वाचून दाखवला नव्हता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

हौसाबाई मग हळूच लेकाकडे वळल्या. "आयकलंस? म्या येडी न्हवं."

पृथ्वीराजनं मान खाली घातली.

बाईंनी रुमालानं इनहेलर कोरडा केला, नवी कॅप्सूल घातली. "आधी तोंड बाजूला करून श्वास सोडा. हां. आता हे ओठांत धरा, आणि बशीतल्या चहाचा भुरका मारता ना, तसा मोठा भुरका मारा."

"मग तसं सांगायचं की वो!" हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भुरका मारला. आत कॅप्सूल घर्र फिरली.

"आता दम धरा. दहापर्यंत."

पंधरा-वीस मिनिटांनी छातीचा आवाज उतरला. हौसाबाई उतरल्या, दोनदा थांबल्या, पण चालत गेल्या. दगडापाशी त्यांनी स्वतःच्या हातानं माती ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. कुमुदिनीताईही रडल्या. पद्माकर कानाशी म्हणाला, "दोन वर्षांच्या संशोधनाचं पानिपत झालं की गं." एरवी त्यांनी त्याला सुनावलं असतं.

सोमवारी त्यांनी तक्रारींच्या वहीत कारण लिहिलं: पत्रकातलं वाक्य. त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. नव्या मजकुरावर साहेब अडले. "ये भुरका क्या है? कोई साइंटिफिक वर्ड नहीं है क्या?" बाईंनी चहा मागवला, बशीत ओतला आणि भर मीटिंगमध्ये दणदणीत भुरका मारून दाखवला. "ये है, सर." भुरका छापला गेला.

गावी गेल्यावर आठवड्याभरात, सकाळी आठला हौसाबाईंचा फोन आला.

"थांबा हां, ठिवू नका," एवढंच म्हणाल्या. मग लांबून फू ऐकू आलं, मग घर्र, आणि त्यानंतर काहीच नाही. पोळी तव्यावर टाकून कुमुदिनीताई बोटांवर मोजत उभ्या राहिल्या. सात, आठ, नऊ. दहाला पलीकडून सावकाश, कुठेही न वाजता, श्वास सुटला.

"आदी सोडला, मग धरलं," हौसाबाई म्हणाल्या. "लिवा तुमच्या वहीत."