आंबागडच्या तलावातली सहावी मासोळी

आंबागडला मी गेले, कारण मत्स्य कार्यालयातलं दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी बावीस वर्षांची, नोकरी तात्पुरती, काम तलावातले मासे मोजायचं. शाळेत जाण्याआधी बाबांनी घरीच पाटीवर गणित शिकवलं होतं. नुसतं उत्तर लिहिलं की ते पाटी पुसून टाकत. ते कसं आलं, तेही लिहावं लागे.

भंडाऱ्याहून तुमसर, मग दुसरी एसटी. तिकीट किती होतं ते आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. तुमसरनंतर डाव्या खिडकीशी बसू नका. काच नव्हती आणि रस्ता मातीचा होता. आता दोन्ही सुधारलं असेल. किल्ल्याचा डोंगर दिसला की उतरायचं. किल्ला मी पाहिला नाही. खालून बरा दिसतो.

तलावावर ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीचे अध्यक्ष सोमाजीकाका भेटले. सोबत त्यांची बायको पार्बताबाई. तलावातली मासोळी तुमसरच्या बाजारात तीच विकायची.

"तलावातल्या मासोळ्या कशा मोजता जी? हाजरी घेता का?" सोमाजीकाकांनी विचारलं.

मी समजावलं. दोनशे मासे पकडायचे, शेपटीचा कोपरा कात्रीने कापायचा आणि सोडून द्यायचे. आठ दिवसांनी पुन्हा जाळं ओढायचं. त्यात खुणेचे थोडे आले तर तलावात मासे भरपूर, खूप आले तर मासे कमी. जो आकडा येईल त्याचा तिसरा हिस्सा पावसाळ्यापर्यंत काढायची परवानगी. गावातली वीस घरं त्या हिश्श्यावर होती.

दोनशे शेपट्या कापायला दोन दिवस लागले. मोजणी मी तीनदा तपासली. निघताना मी पार्बताबाईला म्हणाले, "रोजची मासेमारी चालू द्या. खुणेची सापडली तर लगेच सोडा. पण काकू, आठ दिवसांनी खुणेच्या सापडल्याच नाहीत तर माझं सगळं काम वाया जाईल हो."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

आठ दिवसांनी जाळं ओढलं. एकशेवीस मासे. त्यातले साठ खुणेचे. दोनशे गुणिले एकशेवीस भागिले साठ. तलावात चारशे मासे.

"चारशे त बगळेच खाऊन टाकतेत बाई," सोमाजीकाका म्हणाले. "मंग वीस घरांनी काय गाळ काढावा?"

मी पुन्हा गणित केलं. चारशेच आले. दुपारी पार्बताबाईने घरी जेवायला नेलं. भात, लाखोळीची डाळ आणि मासोळीचा रस्सा. माझ्या ताटात शेपटीचा तुकडा आला. कोपरा कापलेला आहे का ते आधी पाहिलं. नव्हता. जेवले.

"पाहून कायले राहिल्या? तुमची येक बी खाल्ली नाई," ती म्हणाली. "जाळ्यात आली का कोपऱ्यात जाळी लावून ठेवून देत होतो. आज सकाळी साऱ्या जाळ्यापुढं सोडल्या. तुमची नोकरी राहाले पायजे ना."

मी हात धुतला आणि तलावावर परत गेले.

चारशेचा आकडा कार्यालयात चालला असता. कुणी विचारलं नसतं. मी सोमाजीकाकांना म्हटलं, चूक माझी आहे, पुन्हा मोजावं लागेल. खुणेचे मासे डोंग्यातून तलावभर पसरून सोडायचे, आणि या वेळी आठ दिवस कुणी जाळं टाकायचं नाही.

"आठ दिवस? बाई, तुमच्या गणितापायी आमी बिना मासोळीचे राहावं का?"

"हो."

त्यांनी बिडी ओढून संपवली. मग म्हणाले, "डोंगा आन रे."

तिसऱ्या फेरीला मी दोन रात्री आधीपासून जेवले नव्हते, हे प्रवासाचा सल्ला म्हणून लिहीत नाही. जाळं ओढलं. एकशेवीस मासे, सहा खुणेचे. चार हजार. सोमाजीकाकांनी सगळ्यांना चहा पाजला. मी निघाले. एसटीची वाट पाहताना राहवलं नाही, म्हणून टोपली घेऊन उभ्या असलेल्या पार्बताबाईला विचारलं, "काकू, सहाही आपणहून आल्या ना?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. "पाच आल्या. येक बांधाकाठच्या उथळात फिरून राहिली होती. जाळं वर येताना म्याच टाकली. तुमचं तोंड पाहवत नव्हतं."

गाडीत गणित पुन्हा मांडलं. एकशे एकोणीस मासे, पाच खुणेचे. चार हजार सातशे साठ. तिच्या मायेने गावाचे साडेसातशेच्या वर मासे कमी केले होते.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते. कागद त्यांच्यासमोर ठेवला. आकडा चार हजार सातशे साठ, आणि खाली सगळं: मी काय बोलले, साठ मासे कुठे ठेवले, सहावा कसा आला. बाबांनी दोनदा वाचलं.

"हे वाचून तुला कामावर ठेवतील का?"

"माहीत नाही."

त्यांनी पुसलं काहीच नाही. फक्त 'साधारण' हा शब्द आकड्याच्या आधी लिही म्हणाले.

लिहिला. साहेबांनी खालचा मजकूर वाचला की नाही कळलं नाही, पण हिश्श्यावर सही झाली. माझी नोकरी आणखी एक वर्ष तात्पुरती राहिली. तुम्ही आंबागडला गेलात तर किल्ला जरूर पाहा. मी अजून पाहिलेला नाही. आणि तलावाकाठी कुणी प्रेमाने विचारलं की तुम्हाला काय सापडायला हवंय, तर सांगू नका.