साडेसातची हजेरी

बाबांना जाऊन आठवडा झाला होता. भेटायला येणारी माणसं पांगली, घरात घरचेच उरले, तेव्हा धाकट्या लेकीच्या लक्षात आलं की सगळेच चोरून घड्याळाकडे बघताहेत. सव्वासात झाले होते. साडेसातला या घरात हजेरी व्हायची. आता ती कोण घेणार, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

बाबा एक्क्याण्णव वर्षं जगले आणि त्यातली सत्तर तरी त्यांनी माणसं जागेवर आहेत की नाहीत हे बघण्यात घालवली. फौजेत ते तुकडीची हजेरी घ्यायचे. लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की नातवंडं बंदुकीची वाट बघत बसायची आणि बाबा शेळीवर यायचे. एकदा माघार घेतल्यावर संध्याकाळी त्यांनी नावं पुकारली, तर तुकडीचा स्वयंपाकी काही ओ देईना. बाबांनी नियमाप्रमाणे गैरहजर लिहिलं. कागद वर गेला, वरून तार स्वयंपाक्याच्या घरी गेली, आणि बाराव्या दिवशी हा गडी एक दुभती शेळी हाकत छावणीत हजर. "वाट चुकलो, पण दुधाची सोय झाली," म्हणाला. तिकडे त्याच्या आईने मात्र तार वाचून अंथरूण धरलं होतं. इथे आलं की बाबा चष्मा पुसत बसायचे. नातवंडं विचारायची, "मग शेळीचं काय झालं?"

"काय होणार? तिचं नाव यादीत घातलं," बाबा म्हणायचे.

फौज सुटली, खोड सुटली नाही. पुढे छापखान्याच्या फाटकावर त्यांना नोकरी मिळाली, तीही हजेरीचीच. पत्र्याच्या खोपटात बसून ते कामगारांचे बिल्ले खिळ्याला टांगायचे. आला त्याचा सुलटा, उशीर झाला त्याचा उलटा. एकदा मालकालाच उशीर झाला. त्याला बिल्ला नव्हता म्हणून बाबांनी नवा करवून घेतला आणि उलटा टांगला.

घरात तर विचारूच नका. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आईचं नाव पुकारलं.

"समोर तर उभी आहे मी," ती ओट्यापाशी म्हणाली. "दिसत नाही का?"

"दिसतेस. पण हजर आहेस का?"

त्या दिवसापासून आईने हजेरीला तोंडाने उत्तर दिलं नाही. नाव आलं की पळी पातेल्यावर आपटायची. बाबांनी तेवढं चालवून घेतलं. थोरल्याला मात्र सवलत नव्हती. न्हाणीघरातून "हजर" ओरडला तरी गैरहजर, आणि अंगात सणकून ताप असला तरी पांघरुणातून हात वर करायचा. मांजरीचंही नाव यादीत होतं. ती शेजारच्या शिंप्याकडे राहायला गेली तेव्हा बाबांनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी "पत्ता माहीत असून येत नाही, नाव कमी" असं जाहीर करून तिला वगळलं. यादीच्या शेवटी ते स्वतःचं नाव घ्यायचे, टाचा जुळवून स्वतःच "हजर" म्हणायचे आणि मगच पहिला घास तोंडात घालायचे. सगळी पोरं समोर असल्याशिवाय त्या माणसाला अन्न गोड लागत नव्हतं, एवढीच काय ती गोष्ट होती.

धाकटीने मात्र तेविसाव्या वर्षी नाटकमंडळीत दिवे लावणाऱ्याशी लग्न ठरवलं. "जन्मभर स्वतः अंधारात बसून दुसऱ्यावर उजेड पाडणारा माणूस, तो तुला काय दिसणार?" बाबा म्हणाले. शब्दाने शब्द वाढला आणि ती निघून गेली. तीन वर्षं तिने या घरात पाऊल टाकलं नाही, फोन केला नाही. मग एका संध्याकाळी सात पंचवीसला तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेसातला नेहमीच्या जागी तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली, पुढे बाळाचं नाव विचारून यादीत घातलं. जावयाला वर्षभर नुसतं "पाहुणे" म्हणून पुकारलं, एवढाच काय तो राग. पुढे तेच नाव पडलं.

पण मधल्या तीन वर्षांत तिच्या नावाचं काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही. पत्ता माहीत असून न येणाऱ्याचा नियम तिला पाठ होता. पंचवीस वर्षं ती शंका तिला आतून टोचत होती, आणि आता ज्याला विचारायचं तोच राहिला नव्हता.

"तूच घे हजेरी," थोरला म्हणाला. "तुझा आवाज त्यांच्यासारखा आहे."

"मी कुठल्या तोंडाने घेऊ? मांजरीसारखं माझंही नाव कमी झालं होतं."

थोरला तिच्याकडे बघतच राहिला. "तुझं? नाव कमी? मला तापात हात वर करायला लावला या माणसाने. आणि तू तीन वर्षं गायब, तर रोज तुझं नाव घ्यायचे, थोडं थांबायचे आणि आपणच म्हणायचे, 'रजेवर.' महिना संपला की रजा वाढवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, हिचा अर्ज कुठे आहे? तर म्हणाले, 'घाईने गैरहजर एकदा लिहून बसलोय मी.' आणि वर मलाच भांडी घासायला लावली."

धाकटीला रडू फुटलं. भांड्यांचं आठवून मधेच हसूही आलं. डोळे पुसेपर्यंत साडेसात झाले. ती उठली आणि बाबा उभे राहायचे त्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आईचं नाव घेतलं, पळी वाजली. थोरला हजर. पाहुणे हजर. स्वतःचं नाव घेऊन तिने स्वतःच ओ दिली. नातवंडं झाली. शेवटचं एकच नाव उरलं, आणि ते घेताना तिने टाचा जुळवल्या.

"बाबा?"

आईने पळी खाली ठेवली. साठ वर्षांत पहिल्यांदाच हजेरीला तिने तोंड उघडलं.

"रजेवर," ती म्हणाली. "मला न विचारता गेलेत. भेटू देत, बघतेच त्यांच्याकडे. बसा आता, जेवण गार होतंय."